मास्टर देण्याआधी आम्ही एवढी माहिती का मागतो?

आमच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड झालं, मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवलेलं रूप) पसंत पडलं, आता मास्टर म्हणजे गाण्याची अंतिम फाइल मिळणार, तेवढ्यात आम्ही तुमच्यापुढे एक लांबलचक फॉर्म सरकवतो. बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. म्हणून हा खुलासा.

सीडीच्या जमान्यात कंपनी वस्तू विकायची आणि हिशेब प्रतींचा व्हायचा. १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांना फाइली द्यायची सोय करणारं नॅपस्टर आलं, गाणी फुकटात फिरू लागली. कंपन्यांनी आधी कोर्ट गाठलं. २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरवर सुटी गाणी विकायला त्या राजी झाल्या. २००८ मध्ये स्पॉटिफाय सुरू झालं, तिथे गाणं विकत न घेता थेट इंटरनेटवरून ऐकता येतं (यालाच स्ट्रीमिंग म्हणतात), आणि पुढे विकत घेणंच मागे पडलं. २०२३ साली जगभरात रेकॉर्डेड संगीताच्या कमाईतला सुमारे दोन तृतीयांश वाटा स्ट्रीमिंगचा होता. आता हिशेब होतो तो ऐकण्याचा, आणि पैसे कोणाच्या नावावर जमा करायचे हे गाण्यासोबत गेलेल्या माहितीवरून ठरतं.

त्यातला मुख्य भाग म्हणजे आयएसआरसी, १२ अक्षर-अंकांचा कोड. तो गाण्याचा नसून रेकॉर्डिंगचा असतो. रिमिक्स केलंत, लाइव्ह गायलात, तर नवा कोड. तेच रेकॉर्डिंग पुढे अल्बममध्ये घेतलंत, तर जुनाच.

नावाचं स्पेलिंग ही त्याहून मोठी डोकेदुखी. आमच्याकडे गायलेल्या एका गायिकेच्या दुसऱ्या गाण्यावर नावात एक ‘ए’ जास्त पडला. झालं, ॲपवर तिच्या नावाची दोन पानं तयार झाली आणि ऐकणारे दोन्हीकडे वाटले गेले. ते निस्तरायला रेकॉर्डिंगपेक्षा जास्त दिवस लागले.

कवी, संगीतकार, गायक, वादक, पैसे घालणारा: कोणाचा किती टक्के, हे आधीच लिहून सह्या करा. रचनेचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे, तेव्हा टक्केही दोन ठिकाणी लिहावे लागतात. गाणं चालल्यावर लिहायला बसलात, तर मित्र जातात.

“जरा मोठं वाजू द्या ना!”

हे रोज ऐकतो. सीडीच्या काळात एकमेकांपेक्षा मोठं वाजण्याची चढाओढ होती. आता स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) या पातळीला आणून वाजवतं (ऐकणाऱ्याने ती सोय बंद केली नसेल तर). दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं. मोठेपणा जातो, आणि ड्रमचा मेलेला ठोका तेवढा उरतो. शिवाय ॲपसाठी फाइल आकसवताना आवाजाची टोकं थोडी वर सरकतात, त्यासाठी आम्ही वर एक डेसिबल मोकळा ठेवतो. तो चुकून राहिलेला नसतो!

डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे गाणं ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीला, २४ बिटची वेव्ह (न आकसवलेली) फाइलच द्या. सोबतची एमपी३ फोनवर ऐकण्यापुरती आहे. ती चढवलीत, तर आधीच आकसलेली फाइल पुन्हा आकसते.

सुरुवातीचं संगीत कापायचं का, असंही विचारतात. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय मोजणी होत नाही, हे खरं. पण चांगली सुरुवात त्या भीतीने कापू नये असं आमचं मत. एका ऐकण्याला ठरलेला दर नसतोच. जमलेल्या रकमेतून वाटे पडतात. त्यातही २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत.

फॉर्म मागच्या पानावर आहे. मिक्सिंगच्या दिवशी भरून आणा, आणि नाव तुमच्या आधीच्या गाण्यावर जसं आहे तसंच लिहा.