सांगली-मिरज सिटी बस : आवाहनामागची पार्श्वभूमी

पेट्रोल भडकले किंवा सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागला गाड्यांची रांग लागली, की 'खासगी वाहने घरी ठेवा, बसने जा' हे आवाहन सांगलीत ठरलेले. लोक ऐकत नाहीत, हा आळस नव्हे. त्याची कारणे जुनी आहेत.

सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची वेगवेगळी संस्थाने होती. १९४८ मध्ये ती मुंबई प्रांतात विलीन झाली, तरी नगरपालिका वेगळ्याच राहिल्या. दोन्ही गावांना जोडणारा मीटरगेजचा रेल्वेफाटा होता. पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, सांगलीचे स्टेशन गावाबाहेर गेले आणि फाटा उखडला. गावात नावापुरता स्टेशन चौक उरला. मग सांगली-मिरजेची रोजची ये-जा आली ती एसटीवर.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. महामंडळाचा पिंड गावे जोडण्याचा. सिटी बस हे त्याचे सावत्र पोर. डेपोत गाडी कमी पडली की आधी शहरातली फेरी कापायची. जत-आटपाडीसारख्या लांबच्या तालुक्यांची कापली तर तिथे दुसरे वाहनच नाही. डेपोच्या बाजूने हे चूक म्हणता येत नाही.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. खरी संधी तेव्हाच होती. पण महापालिका कायद्यात परिवहन सेवा हे ऐच्छिक काम आहे. पाणी, गटारासारखे बंधनकारक नाही. शेजारच्या कोल्हापूरने केएमटी ही महापालिकेची स्वतःची बससेवा चालवली, तोट्यातही. सांगलीने बस एसटीकडेच राहू दिली. फेऱ्या कमी का, हे नगरसेवकाला विचारावे तर तो डेपोकडे बोट दाखवणार.

मधली जागा वडापने, म्हणजे सीटवर प्रवासी भरून धावणाऱ्या खासगी गाड्यांनी घेतली. कॉलेज सुटले की विश्रामबागच्या कोपऱ्यावर रिक्षावाला 'मिरज, मिरज, चला एक सीट' ओरडत असतो. मागे तिघे, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे टेकलेले, दप्तरे बाहेर. टप्प्याटप्प्याने प्रवासी घ्यायचा परवाना त्याच्याकडे नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो समोर उभा असतो आणि बस कधी येईल हे थांब्यावर लिहिलेले नसते. ज्यांना हे नको होते त्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली. २०२१-२२ च्या एसटी संपात महिनोन्महिने गाड्या बंद राहिल्या, तेव्हा उरलेसुरले पासवालेही फुटले. एकदा स्कूटर दारात आली की ती सोडून थांब्यावर ताटकळायला कोण जाते?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली : १६९ शहरांसाठी १०,००० विजेच्या बस. लाभार्थी शहरांत सांगलीही आहे. बस चालवणार ठेकेदार, त्याला पैसे धावलेल्या किलोमीटरवर, मग गाडी भरो वा रिकामी जावो. केंद्राचा हातभार १० वर्षांचा. ठेकेदाराला देणे आणि तिकिटाचे उत्पन्न यांतली जी तफावत केंद्राच्या मदतीनंतरही उरेल, ती महापालिकेने भरायची आहे.