कबर उकरली, पुरावा वाढला

जमिनीत एकदा खड्डा खणला की ती जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. एकावर एक बसलेले मातीचे थर खणताना कालवले जातात आणि खड्डा बुजवला तरी ती सरमिसळ तशीच राहते. वरची माती अलगद खरवडली की जुन्या खड्ड्याची कड रंगाच्या फरकाने दिसू लागते. प्राचीन घराचे खांब कुठे रोवले होते, हे पुरातत्त्ववाले अशाच खुणेवरून ओळखतात. लाकूड केव्हाच कुजून गेलेले असते, खड्डा मात्र असतो. हीच नजर सामूहिक कबरींकडे वळवली, की ते झाले न्यायवैद्यक पुरातत्त्वशास्त्र.

या कामाला वळण मिळाले अर्जेंटिनात. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत तिथे हजारो माणसे ‘बेपत्ता’ झाली. राजवट गेल्यावर कबरी उघडल्या गेल्या, पण घाईघाईने, यंत्रे लावून. हाडे मोडली, एकमेकांत मिसळली. १९८४ साली अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे गेले आणि त्यांनी काही विद्यार्थ्यांना थापी, ब्रश आणि चाळणी घेऊन सावकाश खणायला शिकवले. सांगाड्याच्या बरगड्यांत अडकलेली गोळी जागच्या जागी मोजून, फोटो काढून नोंदली तर ती पुरावा ठरते. ढिगाऱ्यातून उचललेली तीच गोळी म्हणजे नुसता धातूचा तुकडा. आणि खणण्याची संधी एकदाच मिळते, कारण खणताना आपण ती जागा मोडतच असतो.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात या शास्त्राचा खरा कस लागला. जुलै १९९५मध्ये तिथे सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. काही आठवड्यांनी मारेकऱ्यांनी, म्हणजे बोस्नियन सर्ब सैन्याने, त्यांच्या सामूहिक कबरी यंत्रांनी उकरल्या आणि प्रेते ट्रकमध्ये भरून दूरच्या नव्या खड्ड्यांत पुरली. माग पुसायचा होता. पण यंत्राने प्रेते उचलली की भोवतालची मातीही सोबत येते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

या मूळ कबरींपैकी कोझलुक इथली कबर एका बाटल्या भरण्याच्या कारखान्याजवळ होती. तिथे हिरव्या काचांचा खच पडलेला. पुढे दूरच्या एका खड्ड्यात सांगाड्यांबरोबर त्याच हिरव्या काचा निघाल्या, बाटल्यांची लेबलेही निघाली. शिवाय मातीचा पोत, परागकण, काडतुसांची टरफले आणि डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचे कापड जुळवत कुठल्या कबरीतला माल कुठे गेला, हे तपासकांनी मांडले. ‘माल’ हा शब्द लिहिताना माझाही हात अडखळला, पण त्या माणसांना वागवले गेले ते तसेच. जागा बदलली नसती तर एकाच गुन्ह्याचा पुरावा मिळाला असता. आता लपवाछपवीचाही मिळाला, आणि एवढी यंत्रे, इंधन, ट्रक लागले म्हणजे हे कुणा चार माथेफिरूंचे काम नव्हते, हेही उघड झाले.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो मनगटी घड्याळांचा पुरावा. काही मृतांच्या हातात स्वयंचलित घड्याळे होती. मनगट हलले की यांची चावी आपोआप बसते. हालचाल थांबली की दीड-दोन दिवस चालून ती बंद पडतात. काचेखालच्या चौकटीत वार आणि तारीख गोठलेली. तिथून मागे मोजले की माणूस कधी मारला गेला, याचा अंदाज येतो. साक्षीदारांचे जबाब ताडून पाहायला न्यायालयात ही घड्याळे मांडली गेली.

उकरण्याचा खरा भुर्दंड पडला तो नातेवाइकांना. यंत्रांनी देह तुटले होते, त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या कबरींत सापडली. डीएनए जुळवून जवळपास ७,००० जणांची ओळख पटली, पण पुष्कळांचे सांगाडे अपुरेच आहेत. दरवर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या दफनभूमीत ओळख पटलेल्यांचे दफन होते. कुणाची आई हाती आलेली चार हाडे पुरते, कुणाची आणखी काही मिळेल म्हणून थांबते. पुरल्यावर आणखी एखादे हाड सापडले, तर ती कबर पुन्हा उघडावी लागते.