सजावटी बुलेट जर्नल

हाताने आखलेल्या आणि रंग, चित्रे, सुलेखनाने सजवलेल्या ज्या वहीत कामांच्या याद्या, दिनदर्शिका, टिपणे व सवयींच्या नोंदी एकत्र ठेवतात, ती सजावटी बुलेट जर्नल. मूळ पद्धत अमेरिकेतील डिझायनर रायडर कॅरल याची. लहानपणी त्याला अवधान टिकवण्याची अडचण होती. तिच्यावरचा उपाय म्हणून त्याने ही पद्धत बसवली आणि २०१३ मध्ये लोकांपुढे ठेवली. त्याची मांडणी अगदी साधी होती. सजावट नंतर, समाजमाध्यमांवर पाने दाखवणाऱ्या वापरकर्त्यांनी आणली.

काम ठिपक्याने, कार्यक्रम छोट्या वर्तुळाने आणि टिपण आडव्या रेघेने नोंदवतात. काम झाले की ठिपक्यावर फुली मारायची. राहिले तर ठिपक्याचा बाण करून ते नव्या महिन्याच्या पानावर पुन्हा लिहायचे. पानांना क्रमांक आणि सुरुवातीला अनुक्रमणिका असते. त्यामागून वर्षाचे, महिन्याचे व दिवसाचे पान येते. पद्धतीचा जीव या पुन्हा लिहिण्यात आहे. तीन महिने एकच काम उतरवून काढताना हात कंटाळतो आणि ते करायचे की कायमचे खोडायचे, हे ठरवावेच लागते. सजावट कितीही सुंदर असली तरी ही पायरी गाळली, तर उरते ती चित्रवही.

गोव्यात वर्षाचे पान स्वतः आखण्याला विशेष अर्थ आहे, कारण इथल्या घराला तिथी आणि तारीख दोन्ही सांभाळाव्या लागतात. सांजांव (संत जॉनचा सण) २४ जूनला, जुन्या गोव्याचे फेस्त (संत फ्रान्सिस झेवियरचा उत्सव) ३ डिसेंबरला, मुक्तिदिन १९ डिसेंबरला. हे दिवस पक्के. शिरगावच्या लईराईची जत्रा मात्र वैशाख शुद्ध पंचमीला, माशेलचा चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव) आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरवर गेली. गावी जायची रजा, घराची रंगरंगोटी, मूर्तिकाराकडे पाट पोचवणे ही सगळी कामे तिच्याबरोबर सरकतात. म्हणून पक्के दिवस शाईने आणि तिथीचे दिवस पंचांग पाहून दुसऱ्या रंगात लिहावेत. विकतच्या विदेशी नियोजन-वहीत ही सोय नसते.

विषयवार याद्यांनाही इथे तयार विषय मिळतात. पावसाआधीच्या पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, यादी त्यांतली एक: सोलां (आमसुले), सुक्या मिरच्या, मीठ, सुके बांगडे, कांद्यांच्या माळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ही यादी मे महिन्याच्या पानाजवळच हवी. दुसरी यादी माटोळीची. गणपतीवर बांधायच्या या चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगे, चिबूड, आंबाडे, कांगलां आणि कितीतरी रानफळे लागतात. कोणते फळ कुठे मिळाले, हे चित्रासह टिपून ठेवले तर पुढच्या वर्षी शोधाशोध वाचते. सजावट उपयोगी पडते ती अशी: रानफळाचे नाव विसरले तरी आकार ओळखता येतो.

नक्षीसाठी परक्या फुलापानांचे स्टिकर शोधायची गरज नाही. कोकण-गोव्यातील देवळांच्या भिंतींवरच्या कावी कलेत पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरतात आणि खालचा पांढरा उघडा पाडतात. दोनच रंग, पण वेलबुट्टी भरगच्च. पणजीतील निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांचीही शिस्त तीच. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला तर ठिपक्यांच्या कागदावर पट्टीचीही गरज पडत नाही.

अडचण हवेची आहे. पावसाळ्यात कागद दमट होतो, पातळ पानावर शाई फुटते, ब्रश पेनचा रंग मागे उमटतो आणि बंद कपाटातल्या वहीवर बुरशी धरते. साध्या वहीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) असतो. रंगकाम करायचे तर १२० जीएसएमच्या खाली जाऊ नये, जलरंगांना त्याहूनही जाड लागतो. पिगमेंट शाईचे पेन घ्यावे, म्हणजे सुकल्यावर ओल्या बोटाने अक्षर पसरत नाही. वही सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावी. जून ते सप्टेंबरच्या पानांवर फक्त आखणी आणि नोंदी कराव्यात. रंग भरणे उघडीप मिळेपर्यंत लांबवले तरी वहीचे काम अडत नाही.