दिवाणखान्यात सुरू झालेला गेम स्टुडिओ

देवगडला माझा भाचा माळ्यावर गेम बनवत बसतो. बाजूला आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या. पावसात लाईट गेली की राउटर बंद पडतो, पण तो उठत नाही. घरच्यांचा प्रश्न एकच: असं घरात बसून कोणी कंपनी काढतं का? काढतं. अमेरिकेतली सुपरजायंट गेम्स ही गेम बनवणारी कंपनी अशीच निघाली.

अमीर राव आणि गॅविन सायमन ईए या बड्या गेम कंपनीच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत कामाला होते. २००९ मध्ये नोकरी सोडून त्यांनी सॅन होजेला, रावच्या वडिलांच्या घरी, दिवाणखान्यात बस्तान मांडलं. पहिला गेम 'बॅस्टियन' सात जणांनी केला. संगीतकार डॅरेन कोर्ब न्यूयॉर्कला राहायचा. त्याने फ्लॅटमधल्या कपड्यांच्या कपाटातच रेकॉर्डिंग केलं आणि रूममेट लोगन कनिंगहॅमला माइकपुढे बसवलं. खेळणारा जे करील ते हा भारदस्त आवाज गोष्टीसारखं सांगत जातो. कड्यावरून पडलात तरी त्यावर बोलतो. बॅस्टियन लोकांच्या लक्षात राहिला तो या आवाजामुळे, असं मला वाटतं.

२०११ मध्ये तो एक्सबॉक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम खेळायच्या यंत्रावर, आला तेव्हा प्रकाशक वॉर्नर ब्रदर्स होते. बागायतदाराला वाशीचा दलाल लागतो, तसं तेव्हा तिथे प्रकाशकाशिवाय भागत नव्हतं. पुढे मात्र इंटरनेटवरच्या दुकानांतून गेम थेट गिऱ्हाइकाला विकता येऊ लागले, जशी आता देवगडची पेटी थेट पुण्याच्या दारात पोचते. दुकानाचं कमिशन जातंच, पण माल आपल्या नावावर राहतो. २०१४ चा 'ट्रान्झिस्टर' त्यांनी स्वतःच प्रकाशित केला, २०१७ चा 'पायर'ही.

मग 'हेडीज'. डिसेंबर २०१८ मध्ये तो अर्धवट असतानाच विक्रीला ठेवला आणि खेळणाऱ्यांच्या सूचना ऐकत पुरा केला. सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण गेम आला, तोवर सात लाख प्रती खपल्या होत्या. तीन दिवसांत आकडा दहा लाखांवर गेला. माणसं जेमतेम वीसेक. २०२१ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळवणारा तो पहिला व्हिडिओ गेम ठरला.

भाच्याच्या गेममध्ये सध्या एक खाडी आहे आणि एक होडी. गेल्या आठवड्यात त्याने गोधड्यांच्या कपाटात फोन ठेवून आजीचा आवाज रेकॉर्ड केला. होडी खडकावर आपटली की आता आजी ओरडते, "बुडयलंस मां होडी?"