संत्र्यावर मावणारा बारकोड

नागपुरी संत्र्याचा व्यास साडेसहा सेंटिमीटर धरू. नेहमीच्या १३ आकडी बारकोडच्या नुसत्या रेघाच ३१ मिलिमीटर रुंद. कडेची कोरी जागा धरली तर ३७. हे स्टिकर फळावर लावलं की कडेच्या रेघा सालीबरोबर मागे वळतात आणि स्कॅनरला सुमारे ११ टक्के बारीक दिसतात. त्याला तर जाडीवरूनच आकडा ओळखायचा असतो. बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस-वन संस्थेचा ‘डेटाबार’ नावाचा लहान बारकोड आहे. त्याचा दुमजली प्रकार (रेघांच्या दोन ओळी एकावर एक) १२.५ मिलिमीटरमध्ये मावतो. तिथे ही तूट जेमतेम २ टक्के, आणि कोरी जागाही लागत नाही. क्यूआर कोडही छोटा होतो खरा, पण काउंटरवरचे जुने लेझर स्कॅनर तो वाचत नाहीत. डेटाबार वाचू शकतात.

छापताना एक पथ्य पाळा. इंचाला २०३ ठिपक्यांच्या प्रिंटरचा ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा असतो. सर्वांत बारीक रेघ बरोबर दोन ठिपक्यांची ठेवा. चित्र ओढून लहान-मोठं केलं की काही रेघा दोनच्या, काही तीनच्या होतात. थर्मल (उष्णतेने छापायच्या) लेबलचा रोल मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर कागद काळवंडतो. शीतगृहातून काढलेल्या फळाला घाम सुटतो. पुसल्याशिवाय स्टिकर धरत नाही.

खरा घोळ बिलिंगमध्ये होतो. बऱ्याच स्कॅनरमध्ये डेटाबार बंदच असतो. मॅन्युअलमधला सेटिंगचा कोड स्कॅन करून तो चालू करावा लागतो. मग नोटपॅड उघडून एक स्टिकर स्कॅन करा आणि आकडे मोजा. बहुधा १६ येतात: आधी ०१, मग १४ आकडी क्रमांक. तुमच्या यादीत मात्र १३ आकडे, म्हणून ‘आयटम सापडला नाही’. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला सुरुवातीचे ०१ काढायला सांगा आणि यादीतल्या जुन्या क्रमांकांच्या सुरुवातीला एक शून्य जोडा. हे काम एक्सेलमध्ये करणार असाल तर रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर सुरुवातीचं शून्य गायब होतं, आणि १६ आकडी संख्येचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो.

वजनावर विकणाऱ्यांसाठी विस्तारित डेटाबार आहे. त्यात ३१०३ ही वजनाची खूण. तिच्यानंतर ०००७५० आलं की वजन ०.७५० किलो. बिस्किटांच्या पुड्यावरचा छापील बारकोड मात्र बदलायच्या भानगडीत पडू नका. तिथे जागा भरपूर आहे.