संमिश्र संख्या : ग्राफिंग कॅल्क्युलेटरवरील गणन

वास्तव व कल्पित असे दोन भाग असलेल्या संख्यांवरील क्रिया ग्राफिंग किंवा सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या खास मोडमध्ये करण्याची पद्धत. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) तिचा संबंध मुख्यतः विद्युत अभियांत्रिकीच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांशी येतो. −१ च्या वर्गमुळाला या नोंदीत ‘आय’ म्हटले आहे. विद्युत शाखेची पुस्तके त्यालाच ‘जे’ लिहितात. यंत्राच्या पडद्यावर मात्र बहुधा ‘आय’ उमटतो.

ऋण संख्येच्या वर्गमुळाचा प्रश्न या प्रदेशात जुना आहे. भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, इ. स. १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नव्हे, असे म्हटले. नवव्या शतकातील गणिती महावीराचार्यांचे मत हेच होते. भास्कराचार्यांच्या गावाविषयी मतभेद आहेत. त्यांनी स्वतः सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जडवीड असा निर्देश केला आहे. काही जण हे गाव म्हणजे विजापूर मानतात, तर काही ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या आसपास शोधतात. विजापूर सह्याद्रीपासून बरेच पूर्वेला पडते, त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पाटण येथील शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा असून त्याचा काळ सामान्यतः १२०७ धरतात. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा आणि त्याला मिळालेल्या दानाचा त्यात उल्लेख आहे. अर्थात लेखाने नातवाचा या भागाशी संबंध सिद्ध होतो, आजोबांचे जन्मस्थान नव्हे.

यंत्राने संमिश्र गणन करण्याचा आरंभ कोठून मानावा, हे ‘कॅल्क्युलेटर’ कशाला म्हणायचे यावर ठरते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) वापरून बांधलेले यंत्र १९३९–४० च्या सुमारास तयार झाले. त्याचे नावच ‘कॉम्प्लेक्स नंबर कॅल्क्युलेटर’ होते, आणि सप्टेंबर १९४० मध्ये डार्टमथ येथून तारेवरून ते चालवून दाखवण्यात आले. खिशातल्या यंत्रांपुरते पाहिले, तर संमिश्र संख्या हाताळणारे ह्यूलेट-पॅकार्डचे एचपी-१५सी (१९८२) महत्त्वाचे ठरते. आलेख काढणारे पहिले विक्रीयोग्य कॅल्क्युलेटर म्हणून कॅसिओच्या एफएक्स-७०००जी (१९८५) चे नाव सर्वसाधारणपणे घेतले जाते. म्हणजे संमिश्र संख्या खिशात आधी आल्या, आलेख नंतर. या दोन्ही सोयी एकत्र देणारी एचपी-२८सी (१९८७) व टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीआय-८५ (१९९२) ही आरंभीची यंत्रे होत.

टीआय-८३ (१९९६) आणि नंतरच्या टीआय-८४ प्लसमध्ये मोडच्या यादीत वास्तव, आयताकृती (अ + ब आय असे रूप) आणि ध्रुवीय (लांबी व कोन असे रूप) असे तीन पर्याय असतात. वास्तव मोडमध्ये √(−१) विचारल्यास उत्तर वास्तव नसल्याची चूक दाखवली जाते. आयताकृती मोडमध्ये त्याच कळा दाबल्यावर ‘आय’ मिळतो. टीआय-८९ वर −८ चा १/३ घात वास्तव मोडमध्ये −२ येतो, तर आयताकृती मोडमध्ये १ + √३ आय. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. −८ ला तीन घनमुळे असतात. पहिल्या वेळी यंत्र त्यांतले वास्तव मूळ निवडते, दुसऱ्या वेळी मुख्य कोनाचे. म्हणून उत्तरासोबत मोड नोंदवणे सोयीचे.

कोन मोजण्याच्या अंश आणि रेडियन या एककांतला घोटाळा जास्त फसवा आहे. टीआय-८४ वर अंश मोडमध्ये साइन व कोसाइन कोन अंशांत घेतात, पण घातांकी फल रेडियनच धरते. त्यामुळे ‘ई’चा ४५ आय घात आणि कोस ४५ + आय साइन ४५ यांची उत्तरे जुळत नाहीत. ही दोन्ही समान असतात असे सांगणारे ऑयलरचे सूत्र त्यात दोषी नाही.

खानदेशातील वर्गांत ग्राफिंग यंत्र क्वचितच दिसते. अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनच्या प्रश्नपत्रिकांवर ‘नॉन-प्रोग्रामेबल’ कॅल्क्युलेटरची अट असते. तेथे कॅसिओचे एफएक्स-९९१एमएस आणि ९९१ईएस चालते. शेतपंपाच्या मोटारीसारखा एक भार घेऊ : रेझिस्टन्स (रोध, वास्तव भाग) ८ ओहम, रिअॅक्टन्स (गुंडाळीमुळे येणारा विरोध, कल्पित भाग) ६ ओहम, पुरवठा २३० व्होल्ट. ९९१ईएस वर मोड आणि २ दाबून २३० ÷ (८ + ६ आय) भरावे. ‘आय’साठी ईएनजी ही कळ. पडद्यावर आधी अपूर्णांक येतात, दशांशात तेच १८.४ − १३.८ आय. अंश मोडमध्ये ध्रुवीय रूप घेतले की २३∠−३६.८७ मिळते : प्रवाह २३ अँपिअर, पॉवर फॅक्टर (या कोनाचा कोसाइन) ०.८ लॅगिंग, म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या मागे. कंस विसरला, तर यंत्र २३० ला फक्त ८ ने भागते आणि तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. ९९१एमएस वर वास्तव भाग आधी दिसतो, कल्पित भाग शिफ्ट व बरोबर या कळांनी पाहावा लागतो. घाईत अर्धेच उत्तर वहीत उतरते ते येथे. कल्पित व वास्तव भागांच्या गुणोत्तरावरून कोन टॅन-व्यस्ताने काढण्याची सवयही नडते. −३ + ४ आय चा कोन १२६.८७ अंश आहे, टॅन-व्यस्त मात्र −५३.१३ दाखवते. त्याऐवजी यंत्रातले आर्ग्युमेंटचे (संमिश्र संख्येचा कोन देणारे) फल वापरावे.

ग्राफिंग यंत्रावरही संमिश्र प्रतल आपोआप उमटत नाही. य = √क्ष चा आलेख क्ष ऋण असताना कोराच राहतो, मग मोड कोणताही असो. संमिश्र प्रतलासाठी पॅरामेट्रिक आलेख (क्ष व य दोन्ही ट या तिसऱ्या चलावरून काढणारा) घेऊन वास्तव भाग आडव्या आणि कल्पित भाग उभ्या अक्षावर टाकतात. अंश मोडमध्ये क्ष = कोस ट, य = साइन ट आणि ट ची पायरी ७२ ठेवली, तर १ च्या पाचही पंचममुळांचा पंचकोन उमटतो. अक्षांची मापे समान केली नाहीत, तर तो चपटा दिसतो.

बारावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत संगणकाच्या पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर मिळतो आणि त्यात कॉम्प्लेक्स मोड नाही, त्यामुळे ध्रुवीय रूपांतर तेथे पायरीपायरीने करावे लागते.