त्सुबावरचं सोनं: खोदून बसवलेलं की वरून ठोकलेलं?

जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्या मधली चकती म्हणजे त्सुबा. तळहातात मावेल एवढी, जुन्यांत बहुधा लोखंडी. तिच्यावर सोन्याची नक्षी दिसली की विकणारे सरसकट ‘सोन्याचं जडावकाम’ म्हणून मोकळे होतात. पण त्यात दोन निरनिराळी कामं असतात.

होन-झोगानमध्ये छिन्नीने लोखंडात चर खोदतात. चर तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवतात. त्यात सोन्याची तार ठोकली की मऊ सोनं आत पसरून कडांखाली अडकतं. जोडायला वितळलेल्या धातूचा डाग द्यावा लागत नाही.

नुनोमे-झोगानमध्ये चर नसतोच. आडव्या, उभ्या, तिरक्या बारीक रेघा मारून लोखंड कानशीसारखं खरखरीत करतात. वर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की ते बारीक दाते सोन्यात रुततात. उरलेल्या रेघा मग घासून बुजवतात. आपल्याकडच्या जुन्या हत्यारांवरही हीच जोडी आहे, तहनिशान (खोदून बसवलेलं) आणि कोफ्तगिरी (वरून ठोकलेलं).

नव्या कामात फरक कळणं अवघड, झिजलेल्यात सोपं. भिंग लावा. सोनं गेलेल्या जागी स्वच्छ रिकामा चर दिसला तर होन-झोगान. फुलाची पाकळी मधूनच विरळ झाली असेल आणि खाली कापडाच्या विणीसारख्या रेघा दिसत असतील तर नुनोमे.

1876 साली जपानमध्ये तलवार लावून उघड फिरायला बंदी आली. कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या, डब्या करू लागले आणि त्यांवर नुनोमेचं काम भरपूर झालं. त्यामुळे नुनोमे म्हणजे स्वस्तातला माल, असा समज पसरलाय. मला तो पटत नाही. हिगोचं, म्हणजे आजच्या कुमामोतोचं, नुनोमे काम बघा. होसोकावा हे सरदार घराणं 1632 साली तिथे आलं. त्यांच्या आश्रयाला असलेला हायाशी माताशिची मूळचा बंदुका घडवणारा, आणि हिगोची परंपरा त्याच्यापासून सांगतात. हे काम तिथे आजही चालतं. सोनं बसवून झाल्यावर लोखंड मुद्दाम गंजवतात, मग चहाच्या पाण्यात उकळतात. चहातल्या टॅनिनने गंज थांबतो आणि काळा रंग पक्का होतो. त्या काळ्यावर मोजकंच सोनं, बाकी जागा मोकळी. दागिना वाटू न देण्याचा हा संयम भरगच्च होन-झोगानमध्ये क्वचितच सापडतो.

तेव्हा त्सुबा हाती आली तर तो काळा थर मळ समजून चिंचेने घासू नका. रंग तर जाईलच, नुनोमे असेल तर पत्र्याइतकं पातळ सोनंही त्याच्याबरोबर जाईल.